दाराचं हँडल अडकतंय आणि वॉरंटी संपली आहे : आपल्या खान्देशात नेमकं काय तपासायचं?

वरणगावकर
नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल हॅचबॅक, आठ वर्षं जुनी, वॉरंटी केव्हाच संपलेली. तक्रार मागच्या डाव्या दाराची. थंडीत सकाळी बाहेरचं हँडल ओढलं की जड लागतं आणि सोडल्यावर जागेवर परत जात नाही, अर्धवट बाहेरच राहतं. दुपारी गाडी उन्हात तापली की तेच हँडल सुरळीत चालतं. आतलं हँडल चालू आहे. सेंट्रल लॉकचा आवाज चारही दारांतून येतो. सर्व्हिस सेंटरने हँडल, लॉक असेंब्ली आणि रंगकाम असं एकत्र एस्टिमेट दिलंय. एवढं सगळं बदलायची खरंच गरज आहे का? हँडलच्या फटीत अधूनमधून घरचं तेल सोडलं जातं, तेही सांगून ठेवतो.

लॉकवाला_धुळे
तेल कोणतं? खोबरेल असेल तर निम्मं उत्तर तिथेच आहे. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास थिजायला लागतं. आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, म्हणजे हँडल जिच्यावर फिरतं त्या पिनेत आणि लॉकच्या आत तेलाचा घट्ट थर तयार होतो. त्यात वर्षभराची धूळ मिसळलेली. उन्हात पातळ होतं, रात्री पुन्हा थिजतं. सकाळी अडकणं आणि दुपारी सुटणं हे त्याचंच लक्षण.

वरणगावकर
हो, खोबरेलच.

लॉकवाला_धुळे
मग आधी सफाई, खरेदी नंतर. पण त्याआधी बिघाड कोणत्या कडीत आहे ते ठरवा. बाहेरचं हँडल थेट दार उघडत नाही. हँडलमागे एक लिव्हर, लिव्हरला प्लास्टिकच्या क्लिपने अडकवलेला लोखंडी रॉड आणि रॉडच्या टोकाला दाराचं लॉक, अशी साखळी असते. आतल्या हँडलचा रॉड किंवा केबल त्याच लॉकला वेगळ्या वाटेने जोडलेली असते. त्यामुळे हाताला काय जाणवतं यावरून बरंच कळतं.

हँडल एकदम हलकं, काही विरोधच नाही, लोंबतंय : क्लिप निघाली किंवा लिव्हर तुटला. लॉक बहुतेक ठीक असतं.

हँडल जड आहे, परत जात नाही, पण दार उघडतं : हँडलची पिन जाम किंवा रिटर्न स्प्रिंग गेलेली. तुमचं दुखणं सध्या इथे दिसतंय.

हँडल नेहमीसारखं ओढलं जातं, ताणही लागतो, पण दार उघडत नाही : लॉकच्या आतलं ग्रीस वाळलंय, नाहीतर सेंट्रल लॉकची मोटर अर्ध्यावर थांबतेय.

बाहेरचं आणि आतलं दोन्ही निकामी : थेट लॉक. मात्र मागच्या दाराला आधी चाइल्ड लॉक बघा, म्हणजे मुलांनी आतून दार उघडू नये म्हणून दाराच्या कडेला असलेली कळ. ते लागलेलं असेल तर आतलं हँडल चालणारच नाही, त्यावरून लॉक गेलं असं समजू नका.

आता खरी चाचणी. दार उघडं ठेवा. दाराच्या कडेला लॉकचा जो आकडा (हुक) दिसतो, तो स्क्रू ड्रायव्हरने आत फिरवा, दोन वेळा ‘टक’ वाजेल. म्हणजे लॉक बंद स्थितीत गेलं. आता बाहेरचं हँडल ओढा. आकडा झटक्यात मोकळा झाला पाहिजे. मग पुन्हा बंद करून आतल्या हँडलने बघा. आकडा मोकळा होत नसेल किंवा रेंगाळत सुटत असेल, तर तो मोकळा केल्याशिवाय दार लावू नका. जाम लॉकचं दार एकदा बंद झालं की आतून पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, काढण्याचं काम दुप्पट होतं. आणि चाचणी संपल्यावर आकडा उघडाच ठेवा, नाहीतर दार लावताना तो स्ट्रायकरवर, म्हणजे खांबावरच्या लोखंडी कडीवर, आदळतो.

शिरपूर_मोटर्स
धुळेकर दादांचं बरोबर आहे. एक भर घालतो. हँडलवर क्रोमचं चिकटवायचं कव्हर आहे का? आपल्याकडे गाडी घेतली की पहिल्याच आठवड्यात ते बसवतात. त्या कव्हरच्या कडेत धूळ आणि धुण्याचं पाणी साचतं, आणि दुहेरी टेपचा फुगलेला भाग हँडलला परत जाताना अडतो. उन्हात टेपचा चिकटा वितळून पिनेपर्यंत गेलेलाही सापडतो. कव्हर असेल तर हेअर ड्रायरने गरम करून, दोऱ्याने कापत काढा. खाली राहिलेला चिकटा पुसायला थोडं रॉकेल पुरतं. थिनर लावू नका, रंग जातो.

बोअरच्या पाण्याने गाडी धूत असाल तर पिनेवर पांढरे क्षार दिसतील. ते ग्रीसने जात नाहीत. व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं करून जुन्या टूथब्रशने घासा, मग साध्या पाण्याने धुवून पूर्ण सुकवा आणि त्यानंतरच ग्रीस.

आणि जोरमा वढू नका भो, तुटी जाई. मे महिन्यात ४५ अंशांत वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. हँडल सहसा बिजागरीकडच्या टोकाला, पिनेजवळ तडकतं. आधी केसासारखी बारीक रेघ दिसते, मग एक दिवस तुकडा हातात येतो.

अमळनेरची_सुनीता
सफाई कशाने करायची ते नीट सांगाल का? घरी डब्ल्यूडी-४० आहे. तेवढ्याने भागेल?

लॉकवाला_धुळे
सुनीताताई, डब्ल्यूडी-४० सफाईला चांगलं, वंगण म्हणून अपुरं. ते आत शिरतं, गंज आणि घट्ट झालेलं तेल सोडवतं, पाणी हटवतं. पण त्यातला बराच भाग उडून जातो आणि जाताना जुनं ग्रीसही धुऊन नेतो. आठवडाभर दार लोण्यासारखं चालतं, नंतर कोरडं पडून पहिल्यापेक्षा जास्त कुरकुरतं. लोक इथेच फसतात आणि दर महिन्याला फवारत राहतात.

पद्धत अशी. दाराखाली आणि सीटवर फडकं अंथरा. डब्ल्यूडी-४० च्या डब्याला लाल नळी लावून आकड्याच्या फटीत दोन-तीन सेकंद फवारा. दहा-पंधरा मिनिटं थांबा. बारीक ब्रशने काळा गाळ बाहेर काढा, पुसा. गाळ येईनासा होईपर्यंत दोन-तीनदा हेच. मग पांढरं लिथियम ग्रीस. स्प्रे मिळाला तर नळीने आत दोन छोटे फवारे, ट्यूब असेल तर हरभऱ्याच्या दाण्याएवढं आकड्यावर आणि तेवढंच स्ट्रायकरच्या लोखंडी कडीवर. स्क्रू ड्रायव्हरने आकडा बंद करा, हँडलने सोडा, असं पंधरा-वीस वेळा. जास्त ग्रीस भरलं तर फायदा नाही, धूळ बसून त्याची पेस्ट होते. कच्च्या रस्त्यावर रोज जाणारी गाडी असेल तर पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा एवढं पुरे.

हँडलच्या पिनेला आणि दाराच्या रबर बीडिंगला सिलिकॉन स्प्रे. ग्रीस किंवा इंजिन ऑइल रबराला लावू नका, ते फुगतं. चावीच्या भोकात मात्र वंगण म्हणून तेल, ग्रीस, काहीही ओलं नको. ग्राफाइटची पूड चिमूटभर, चावीवरच लावून आतबाहेर करायची.

यावल_केळीपट्टा
आमच्याकडे दार बंद स्थितीतच जाम आहे, बाहेरून आणि आतूनही. चाइल्ड लॉक लागलेलं आहे की नाही ते दार उघडल्याशिवाय कसं बघणार? मागचंच दार.

शिरपूर_मोटर्स
आधी दोघांनी मिळून करून बघा. एकाने बाहेरून दार तळहाताने आत दाबून धरायचं, दुसऱ्याने हँडल ओढलेलं ठेवून रिमोटने लॉक-अनलॉक करत राहायचं. दार आत दाबलं की आकड्यावरचा स्ट्रायकरचा ताण जातो आणि बरीच अडकलेली लॉकं तेवढ्याने सुटतात. त्याने सुटलं तर स्ट्रायकर सरकलाय का किंवा बिजागरी झुकलीय का तेही तपासा, कारण ताण आला तो उगाच नाही.

मोटरचा आवाज ऐका. आवाज नाही आणि चारही दारं बंद, तर फ्यूज किंवा बॅटरी. एकाच दाराचा आवाज नाही, तर दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतली वायर तुटलेली असण्याची शक्यता फार. दार दिवसातून वीसदा उघडतं, वायर तिथेच वाकते. केळीच्या बागांकडच्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेली वायरही बघून घ्या. आवाज येतो पण आतली लॉकची खुंटी हलत नाही, तर रॉड सुटलाय.

नाहीच सुटलं तर आतून पॅड काढायचा. मागच्या सीटची बैठक आधी काढा, म्हणजे पॅडच्या खालच्या कडेला हात पोचतो.

चाळीसगाव_जंक्शन
पॅड काढण्याची कृती मी सविस्तर लिहितो, कारण निम्मं नुकसान इथेच होतं.

काच पूर्ण वर घ्या, त्याशिवाय बाहेरच्या हँडलच्या नटांपर्यंत पाना जात नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून काही मिनिटं थांबा, दारात एअरबॅगचा सेन्सर किंवा की-लेस हँडलची वायर असू शकते. स्क्रू सहसा तीन जागी लपलेले : आतल्या हँडलच्या वाटीमागे, हात ओढायच्या खिशाच्या तळाशी टोपणाखाली, आणि काही गाड्यांत कडेला. हाताने फिरवायची काच असेल तर हँडलमागे घोड्याच्या नालेसारखी क्लिप असते. पातळ फडकं मागे घालून दोन्ही बाजूंनी रगडलं की ती उडून बाहेर येते. दुसरा हात समोर धरा, नाहीतर शोधत बसाल.

मग खालच्या कोपऱ्यापासून प्लास्टिकच्या ट्रिम टूलने एकेक क्लिप सोडवत वर या. क्लिप साधारण सहा ते नऊ. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर वापरला तर पॅडचा पुठ्ठा फाटतो आणि रंगावर ओरखडा येतो. सगळ्या सुटल्या की पॅड वर उचलून काढायचा, झटका देऊन बाहेर ओढायचा नाही. मागे खिडकीच्या बटणाचा कनेक्टर आणि आतल्या हँडलची केबल लटकत असते.

आत प्लास्टिकचा पारदर्शक पडदा काळ्या चिकट पट्टीने लावलेला दिसेल. तो फाडू नका. काचेवरून दारात उतरणारं पावसाचं पाणी अडवायला तो असतो. फाटका पडदा तसाच सोडला की जुलैत मागच्या पायदानात पाणी साचतं, आणि मालक सनरूफ, बीडिंग सगळं बदलून बसतो. पट्टीचा चिकटा सुकला असेल तर ब्यूटाइल टेप नवी लावा, सेलोटेप दोन दिवस टिकत नाही.

हात आत गेला की हँडलपासून लॉकपर्यंत रॉड चाचपडत जा. क्लिप तुटलेली असेल तर नवी क्लिप मिळते, अगदी किरकोळ पैशांत. तांब्याच्या तारेने बांधून देणारे भेटतात. ती तार सैल होते आणि ओढलेलं अंतर कमी पडतं.

हँडलच काढायचं असेल तर दोन प्रकार आहेत. जुन्या पद्धतीत आतून दोन नट, ८ किंवा १० नंबरचे. नव्या पद्धतीत दाराच्या कडेला रबरी बूच असतं, त्याच्या आत टॉर्क्स (चांदणीच्या खाचेचा) स्क्रू. तो सैल करून हँडल मागच्या बाजूला सरकवून बाहेर निघतं. हा स्क्रू पूर्ण काढायचा नसतो, आत पडला तर दाराच्या तळाशी जातो. नव्या हँडलचे नट हाताने बसवून वर फक्त पाव फेरा द्या. जास्त कसलं की नवं प्लास्टिकही तडकतं.

वरणगावकर
नवं हँडल बसवल्यावर रॉडची लांबी तीच ठेवायची ना?

चाळीसगाव_जंक्शन
रॉडच्या टोकाला आटे असतील तर तपासूनच ठेवा. हँडल पूर्ण बसलेलं असताना रॉडला दीड-दोन मिलिमीटरची मोकळीक हवी. मोकळीक शून्य असेल तर लॉक कायम किंचित ओढलेलं राहतं, म्हणजे दार नीट बसत नाही किंवा खड्ड्यात उघडू शकतं. हा जिवाशी खेळ आहे. मोकळीक जास्त असेल तर हँडल पूर्ण ओढूनही आकडा सुटत नाही. पॅड लावायच्या आधी वर सांगितलेली स्क्रू ड्रायव्हरची चाचणी पुन्हा करा.

नंदुरबारी_वाटसरू
जानेवारीत मनाली आणि किन्नौरमार्गे स्पितीचा बेत आहे. तिथे हँडल खरोखर बर्फानेच गोठतं म्हणतात. आपल्याकडे तोरणमाळ, डाब भागात दव गोठतं, पण तेवढ्याचं काही वाटत नाही. तिकडची तयारी काय?

लॉकवाला_धुळे
तिथलं कारण वेगळं. पाणी हँडलच्या फटीत आणि बीडिंगवर राहतं आणि रात्री गोठतं. म्हणून निघण्याआधी बीडिंग कोरडं पुसून सिलिकॉन लावा, आणि तिकडे पोचल्यावर संध्याकाळी गाडी धुऊ नका.

गोठलंच तर हँडल ओढण्याआधी दार बाहेरून आत दाबा, कडेने तळहाताने ठोका. बीडिंगवरचा बर्फ दाबाने तडकतो, ओढल्याने बीडिंग फाटतं. चारही दारं करून बघा, एक तरी उघडतं. मग इंजिन आणि हीटर चालू केला की बाकीची आतून सुटतात. उकळतं पाणी अजिबात ओतू नका. काच तडकू शकते आणि तेच पाणी फटीत जाऊन पुन्हा गोठतं.

सोबत एक छोटी फवाऱ्याची बाटली ठेवा : दोन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, एक भाग पाणी. फटीत फवारून मिनिटभर थांबा. केमिकलच्या दुकानात सहज मिळतं. हे ज्वलनशील आहे, गाडीत उन्हात ठेवायचं नाही, लायटरजवळ तर नाहीच. चावीच्या भोकापुरतं अल्कोहोलचं हँड सॅनिटायझरही चालतं. चावी लायटरवर तापवण्याचा सल्ला मिळेल, पण चिप असलेल्या चावीचं इलेक्ट्रॉनिक्स त्यात जातं. बाटली डिकीत नको. डिकीच गोठली तर?

ग्राहकहित_जळगाव
आता पैशांच्या बाजूचं लिहितो. मूळ प्रश्न तोही होता.

एस्टिमेट तोंडी घेऊ नका. जॉब कार्डवर (गाडी घेताना सर्व्हिस सेंटर भरतं तो कागद) तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा : ‘सकाळी हँडल परत येत नाही, दार उघडतं’. ‘डोअर प्रॉब्लेम’ एवढंच लिहिलं की काहीही बदलता येतं. हँडल, लॉक, रंग, मजुरी असे प्रत्येकाचे वेगळे आकडे मागा आणि पार्ट नंबर मागा. जुना भाग परत द्यायला सांगा. ‘लॉक का बदलायचं?’ याचं उत्तर त्या जुन्या लॉकवर दाखवता आलं पाहिजे. बदललेल्या भागावर किती महिन्यांची हमी आहे ते बिलावर घ्या.

जीएसटीकडेही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के लागतो, त्याआधी बऱ्याच भागांवर २८ होता. जुन्या एस्टिमेटवर जुना दर छापलेला असेल तर दुरुस्त करून घ्या.

गाडी सात वर्षांच्या आतली असेल आणि दार चालताना उघडणं किंवा आतून अजिबात न उघडणं असा दोष असेल, तर आधी १७ अक्षरी चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाकून रिकॉल (दोषामुळे कंपनीने गाड्या परत बोलावणं) आहे का ते बघा. रिकॉलची दुरुस्ती मोफत असते, वॉरंटी संपली असली तरी. सक्तीच्या रिकॉलचा सरकारी नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे आणि तो सात वर्षांखालच्या गाड्यांसाठी आहे. वरणगावकरांची गाडी त्यात बसत नाही, पण कंपनीने स्वतःहून केलेला रिकॉल असू शकतो, तपासायला पैसे लागत नाहीत.

वॉरंटी संपून थोडेच महिने झाले असतील आणि सगळी सर्व्हिस अधिकृत ठिकाणी झाली असेल, तर डीलरला न बोलता कंपनीच्या कस्टमर केअरला लेखी मेल करा. सर्व्हिसच्या नोंदी जोडा, दाराचा व्हिडिओ जोडा आणि ‘गुडविल’ म्हणून भागाची किंमत उचला असं स्पष्ट मागा. तो हक्क नाही, विनंती आहे, त्यामुळे भाषा सौम्य ठेवा. एक्स्टेंडेड वॉरंटी असेल तर वगळलेल्या भागांची यादी वाचा. रबर, प्लास्टिक, ट्रिम बहुधा वगळलेले असतात, लॉकची मोटर कधी कधी बसते.

अमळनेरची_सुनीता
विम्यातून नाही का मिळत? झिरो डेप (भागांचा घसारा न कापणारा विमा) घेतलेला आहे.

ग्राहकहित_जळगाव
झीज आणि यांत्रिक बिघाड विम्यात येत नाही. चोरीच्या प्रयत्नात हँडल उचकटलं असेल तर येतं. पण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये, त्यावरच्या गाडीला २००० रुपये तुमच्या खिशातून कापलेच जातात, वर पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो. बोनस ५० टक्क्यांवर पोचला असेल तर हँडलसाठी क्लेम करणं तोट्याचं.

आणि गरज नसताना भाग बदलले, बिल झाल्यावरही तोच दोष राहिला, असं झालं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आहे. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, गाडी पुण्यात घेतलेली असली तरी. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. मुदत दोन वर्षांची. म्हणून जॉब कार्ड जपून ठेवा.

यावल_केळीपट्टा
दार दाबून रिमोट मारण्याच्या युक्तीने उघडलं. मोटर मंद चालतेय. पूर्ण लॉक असेंब्लीच घ्यावी लागेल का?

शिरपूर_मोटर्स
गाडीवर अवलंबून. जुन्या गाड्यांत मोटर लॉकपासून वेगळी असते, दोन स्क्रूंवर. ती कोणत्याही अॅक्सेसरीजच्या दुकानात मिळते : ड्रायव्हरच्या दाराला पाच तारांची, बाकी दारांना दोन तारांची. मागच्या दारासाठी पाच तारांची घेऊ नका. नव्या गाड्यांत मोटर लॉकमध्येच असते, तिथे पूर्ण असेंब्लीच. लॉकच्या बाबतीत भंगारातला किंवा बिनछापाचा भाग नको, अपघातात दार बंद ठेवणारी वस्तू ती आहे. हँडल मात्र चांगल्या बनावटीचं बाहेरचं चालतं.

आणि पॅड उघडलाच आहे तर दाराच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं बघा. मेच्या वावटळीत धूळ आत जाते, पहिल्या पावसात तिचा चिखल होऊन भोकं बुजतात. दारात पाणी साचलं की लॉक खालून गंजतं. केबल टायने आतून टोचून मोकळी करा.

वरणगावकर
सफाई केली, दोनदा गाळ काढला. लॉक चाचणीत झटक्यात सुटतंय. हँडल हलकं झालं, पण सकाळी अजून शेवटचं थोडं अंतर स्वतःहून परत जात नाही, बोटाने ढकलावं लागतं.

लॉकवाला_धुळे
मग लॉक असेंब्ली एस्टिमेटमधून काढून टाकायला सांगा, तिची गरज नाही. हँडलची रिटर्न स्प्रिंग थकलीय किंवा पिनेचं भोक झिजलंय. स्प्रिंग सुटी सहसा मिळत नाही, हँडल घ्यावं लागतं. रंगाचा खर्च टाळायचा असेल तर त्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरिएंटचं काळं, खरखरीत हँडल बसतं का ते पार्ट्सच्या दुकानात चासी नंबरवरून बघा. त्याला रंग लागत नाही. रंगीतच हवं असेल तर प्राइमरचं घेऊन गाडीच्या कलर कोडवर रंगवून घ्या, आणि रंग हँडल बसवण्याआधीच द्या, दारावर लावून नाही, म्हणजे पिनेत रंग जाऊन पुन्हा जाम होणार नाही. ऑर्डर देताना ‘मागचं डावं’ असं स्पष्ट सांगा. पुढच्या हँडलची घडण वेगळी असते, डावं-उजवंही एकमेकांना चालत नाही.